हळद किती वेळ शिजवायची

आखाडा बाळापूर
६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रमोद,

जळबामामाचा जय भीम. पोस्टाचं पाकीट बघून दचकला असशील. फोन केला असता, पण फोनवर समोरचा काय म्हणतो ते मला कळत नाही. चौतीस वर्षं पत्रा ठोकला, त्याने कान घेतले. डावा आधीच गेला होता, उजवाही दोन वर्षांपासून गेला. आता सरिता दुकानात पाटी ठेवते. गिऱ्हाईक बोलतं, ती पाटीवर लिहिते, मी वाचून उत्तर देतो. मोबाइलवर लिहायला गेलो तर एका बोटाखाली तीन अक्षरं दबतात. तूही कागदावरच लिही, कागद दोनदा वाचता येतो.

काम असं आहे. आपला हळद शिजवायचा कुकर तू बघितला आहेस, वाफेचा, चार ड्रमचा, चाकावर ओढून न्यायचा. दिवाळीच्या आत दहा-बारा कुकरचं काम हातात असायचं. गेल्या साली दोन झाले, यंदा अजून एकही नाही. शिरड शहापूरच्या संतरामाच्या बापाने माझ्याकडून हळद शिजवायची उघडी काहील नेली होती. संतरामाने कुकर मात्र दुसरीकडून आणला. बाजारात भेटला तेव्हा मी विचारलं, "काहून रे?" तो काय बोलला ते सरिताने पाटीवर लिहून दाखवलं : "मोबाइलात बघितलं. ती कंपनी पहिली येऊन राहिली. तुमी कुठंच न्हाई."

चौतीस वर्षं मी हमरस्त्यावर बसलो आहे आणि मी कुठंच नाही. हे मला दोन दिवस समजलं नाही.

आता खरी गोष्ट. सरिताने आयटीआय केलं, पोरीची वेल्डिंग बापापेक्षा सरळ येते. तिला दुकान चालवायचं आहे. पण तिला वाळूजच्या कारखान्याचं बोलावणं आलं आहे, आणि पुनमचंद भंगारवाल्याला आपलं शेड गोदामासाठी पाहिजे. तुझ्या मामीसमोर ठरलं की संक्रांतीपर्यंत चार नवीन कुकरचं काम आलं तर दुकान सरिताचं. नाही आलं तर ती वाळूजला आणि शेड पुनमचंदला. मी शब्द दिला आहे. माझा शब्द किती हट्टी असतो ते तुझ्या आईला विचार.

तू पुण्यात लोकांच्या वेबसाइटा वर चढवायचं काम करतोस म्हणे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत. तेव्हा मला नीट सांग, त्या मोबाइलच्या आत पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ठरवतं कोण? तिथे कुणाचा वशिला लागतो? आणि ती पहिली येणारी कंपनी कुणाची, तुला ठाऊक आहे का?

जळबामामा


पुणे
१७ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

जय भीम. ऑफिसात पोस्टमन आला तेव्हा सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. त्यांना वाटलं वकिलाची नोटीस आली.

मामा, आत कुणी बसलेलं नाही. एक यंत्र जगभरची पानं वाचत फिरतं आणि कुठल्या पानावर काय आहे ते ध्यानात ठेवतं. कुणी काही विचारलं की ज्या पानावर त्याचं नीट उत्तर मिळेल असं वाटतं, ते पान वर ठेवतं. दुसरी पानं कुणाकडे बोट दाखवतात हेही ते बघतं. बाजारात नवख्या माणसाने "कुकर चांगला कोण करतो?" विचारलं आणि चार दुकानदारांनी एकाच दिशेला बोट केलं, तर तो तिकडेच जातो ना, तसं. जाहिरात विकत घेता येते, पण तिच्यावर जाहिरात म्हणून लिहिलेलं असतं. त्याखाली जे येतं तिथे वशिला चालत नाही.

तुमचं पानच नाही, म्हणून तुमच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. पान मी करतो. सरिताला कुकरचे फोटो पाठवायला सांगा, जवळून काढलेले, सांधे दिसतील असे. नकाशावर दुकानाची खूण मी टाकतो. तुम्ही एवढंच करा, ज्यांनी कुकर नेले त्यांना त्या खुणेखाली दोन ओळी लिहायला सांगा. लोक त्या वाचतात.

संक्रांतीला तीन महिने आहेत. या कामाला एरवी सहा लागतात, पण बघू. मामींना नमस्कार.

प्रमोद


आखाडा बाळापूर
८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रमोद,

तुझं पान बघितलं. सांधे छान दिसतात, मी तेवढा छान दिसत नाही.

दोन आनंदाच्या बातम्या. पहिली, दोन ओळींचं काम फत्ते. बाजारच्या दिवशी दुकानासमोर सतरंजी टाकली, चहा ठेवला आणि त्रेचाळीस माणसांकडून लिहून घेतलं. मजकूर मीच सांगितला : "जळबाचा कुकर मजबूत आहे, पत्रा जाड आहे, गळत नाही." सगळ्यांनी अक्षर न अक्षर तोच लिहिला. ग्रामसभेचा ठराव एक असतो आणि खाली सह्या सगळ्यांच्या असतात. प्रत्येकाने आपापलं लिहिलं तर ठराव मोडतो, हे मला पंचायतीत बसून कळलेलं आहे. ज्यांच्या मोबाइलात नेट नव्हतं त्यांना सरिताने दुकानातलं दिलं. खरे कुकरवाले त्यात नऊ होते. बाकीच्यांनी चहा घेतला होता, मत त्यांनाही असतंच.

दुसरी बातमी, मी पहिला आलो. "हळद कुकर" एवढंच टाकलं आणि वरती माझं नाव. दहा वेळा टाकलं, दहा वेळा मीच. तुझ्या मामीने, सोजराने, पेढे आणले, पुनमचंदलाही दिला. त्याने तोंड आंबट करून खाल्ला.

ऑर्डर अजून आली नाही, पण पहिला आलो म्हणजे येईलच. आणि त्या कंपनीबद्दल मी विचारलं होतं, तू काही लिहिलं नाहीस.

जळबामामा


पुणे
१६ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

पेढ्याची चव जाईल असं लिहायचं जिवावर आलं आहे. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळी गेल्या, आणि नकाशावरची आपली खूणही तूर्त काढून टाकली आहे. एकाच दिवशी, एकाच दुकानाच्या नेटवरून, एकच वाक्य त्रेचाळीस जणांनी लिहिलं की यंत्राला तो ठराव वाटत नाही, लबाडी वाटते. चूक माझी. "त्यांच्या शब्दांत" हे मी लिहायला हवं होतं. खूण परत मागायचा अर्ज केला आहे.

तुम्ही पहिले आलात तेही तेवढं खरं नाही. तुमचा मोबाइल तुमच्याच दुकानात उभा आहे, दिवसातून दहा वेळा तुमचंच पान उघडतो. त्याला वाटतं तुम्हाला हेच हवं. मी इथून बघितलं तर तुम्ही चौथ्या पानावर आहात, आणि चौथ्या पानापर्यंत कुणी जात नाही.

मामा, सोबत एक कागद जोडतो. हळदीबद्दल लोकांनी काय काय आणि किती वेळा विचारलं त्याची यादी आहे. माणसांची नावं त्यात कळत नाहीत, फक्त प्रश्न कळतात. आमच्या कामात आम्ही यातले आकडे बघतो. तुम्हाला गंमत म्हणून पाठवतो.

प्रमोद


आखाडा बाळापूर
२८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रमोद,

ही यादी तू गंमत म्हणून पाठवलीस. मी ती आठ दिवस खिशात घेऊन फिरतो आहे.

दुकानात माणूस आला की आधी कुकर विचारत नाही. तो हळदीचं रडगाणं गातो, पाणी किती, जळण कुठलं, यंदा रंग का आला नाही. मी ठोकता ठोकता उत्तर द्यायचो. कान गेले तसं ते बंद झालं. लोक पाटीवर लिहिण्याएवढंच विचारतात, आणि पाटी लहान आहे. मला वाटू लागलं होतं की लोकांना आता काही विचारायचंच नाही. तुझ्या कागदावर एकशे बारा प्रश्न आहेत. मला पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं. हे वाचून हसू नकोस.

मी उत्तरं लिहून काढली आहेत. ज्याने विचारलं त्याला पोचती कर.

"हळद किती वेळ शिजवायची" - कशात शिजवतोस ते आधी सांग बाबा. उघड्या काहिलीत फेस आल्यावर पाऊण तास. वाफेच्या ड्रममध्ये झाकणातून वाफ एकसारखी धरली की पंधरा मिनिटं, मग काडी लाव. काडी हळकुंडात आरपार गेली की उतरव.

"हळद काळी का पडली" - जास्त शिजली. गाभा मऊ पडला की वाळल्यावर रंग धरत नाही. शिजलेली हळद परत कच्ची करता येत नाही, तेव्हा पुढच्या ड्रमला घड्याळ लाव.

"एकट्या बाईला हळद कुकर चालवता येतो का" - हा प्रश्न चार वेळा आला आहे. चारही वेळा तीच असेल का रे? कोण असेल, कुठल्या गावची? तिला सांग, येतो. ड्रम उलटायचा दांडा सरिताने वीतभर लांब केला आहे, सोजराने एका हाताने उलटून बघितला. त्याचा फोटो टाक.

बाकीची एकशे नऊ उत्तरं मागच्या पानांवर आहेत. सात प्रश्नांची मला माहीत नाहीत, तिथे "माहीत नाही" असंच लिहिलं आहे. तेही टाक.

जळबामामा


पुणे
१२ डिसेंबर २०२४

ती. मामा,

तुमची उत्तरं तुमच्याच शब्दांत टाकली, "माहीत नाही"सह. मी या धंद्यात सहा वर्षं आहे. लोक पानावर येतात, दहा सेकंद थांबतात आणि जातात. तुमच्या पानावर चार-चार मिनिटं थांबताहेत. नकाशावरची खूणही परत मिळाली. बहुतेक प्रश्नांना आता तुम्ही पहिले येता.

एक प्रश्न सोडून. "हळद किती वेळ शिजवायची", सगळ्यात जास्त विचारला जाणारा. तिथे ती कंपनी पहिली आहे, तुम्ही दुसरे. हळद शिजवायची वेळ विचारणाराच पुढे कुकर विचारतो, म्हणून ती जागा महत्त्वाची. बाकी ठीक. तब्येतीला जपा.

प्रमोद


आखाडा बाळापूर
२३ डिसेंबर २०२४

चि. प्रमोद,

आधी बरं ते लिहितो. तीन कुकरचं काम आलं. त्यातला एक नरसीजवळच्या भिकाबाईचा. नवरा ड्रायव्हर, बाहेर असतो, दोन एकर हळद ती एकटी बघते. चार वेळा विचारणारी तीच. सरिताने दांडा दाखवला तर म्हणाली, "चार डाव इचारलं बाई, कुणीच बराबर सांगत न्हवतं." तीन आले, एक राहिला.

आता दुसरं. तू लिहिलंस कंपनी पहिली आहे, म्हणून तिचं पान सरिताकडून उघडून घेतलं. काय शहाणपण आहे ते बघावं म्हटलं. तिसऱ्या ओळीला थांबलो. तिथे लिहिलं आहे : "हळद शिजली हे आधी नाक सांगतं, मग काडी सांगते, घाई करणाऱ्याला दोन्ही सांगत नाहीत."

प्रमोद, हे वाक्य माझं आहे. तू दहा वर्षांचा होतास, उन्हाळ्याच्या सुटीत आला होतास. शेवटची शिजवणी चालली होती, तू काहिलीवर नाक वाकवून उभा होतास आणि मी तुला ते सांगितलं. तिथे तिसरं माणूस नव्हतं. खाली गावांची नावं आहेत, आखाडा बाळापूर, शिरड शहापूर, नरसी नामदेव. त्या कंपनीचं यातल्या एकाही गावात दुकान नाही. दोनदा विचारूनही तू कंपनीचं नाव का काढत नव्हतास ते आता कळलं. चोराच्या मनात चांदणं.

मला राग आला. ज्याने मला कुठंच नाहीसं केलं तो माझ्याच बहिणीचा पोरगा, आणि माझंच वाक्य वापरून. हे मनात ठेवून गोड लिहिणं मला जमणार नाही, म्हणून लिहिलं.

पण त्या वाक्याच्या खालची ओळ वाचली आणि राग बाजूला ठेवावा लागला. तिथे पाऊण तास लिहिलं आहे. पाऊण तास काहिलीचा. तेव्हा मी तुला काहिलीपाशी सांगत होतो. ती कंपनी वाफेचे ड्रम विकते. वाफेत पाऊण तास ठेवली तर हळद काळी पडेल. तुझ्या यादीत "हळद काळी का पडली" एकोणीस वेळा होतं. ते एकोणीस जण कुणाचं पान वाचून आले होते? संक्रांत झाली की शिजवणी सुरू होईल. ते आधी दुरुस्त कर.

जळबामामा


पुणे
३१ डिसेंबर २०२४

ती. मामा,

खरं आहे. दोन वर्षांपूर्वी त्या कंपनीच्या पानाचं काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, तू हिंगोलीकडचा, तिथल्या लोकांना आपलं वाटेल असं लिही. मला अभिमान वाटला. गावांची नावं घातली, तुमचं वाक्य घातलं, आणि पान महिनाभरात पहिलं आलं. गिऱ्हाईक कुणाचं तुटतं हे मी स्वतःला विचारलं नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा विचारावं लागलं. सांगायची हिंमत झाली नाही, वाटलं तुमचं पान वर आणलं की फिटेल.

याहून वाईट सांगायचं आहे. पाऊण तासाची चूक मला तुमचं नोव्हेंबरचं उत्तरांचं पत्र वाचतानाच कळली होती. गप्प बसलो. कारण चुकीचं पान हळूहळू खाली जातं. लोक वाचतात, परत फिरतात, दुसरं उघडतात, यंत्र ते बघत असतं. त्यांचं पान घसरलं तर तिथे तुम्ही आहात. मी दुरुस्त केलं तर ते पहिलेच राहतील, आणि तुम्हाला एकच कुकर कमी आहे.

त्यातून साहेबांचा हुकूम आहे की जे पान चालतंय त्याला हात लावायचा नाही. सांगा, काय करू?

प्रमोद


आखाडा बाळापूर
५ जानेवारी २०२५

चि. प्रमोद,

यात विचारण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही.

हळद ना त्या कंपनीची, ना माझी. नऊ महिने जिने पाणी दिलं तिची ती आहे. तिची हळद काळी पडून माझं दुकान चालणार असेल तर पुनमचंद बरा, तो निदान भंगारच घेतो. सरिताला तुझं पत्र वाचायला दिलं. तिने पाटीवर लिहिलं : "दादाला सांगा, आजच कर." दुकान जायचं ते तिचं, तेव्हा तिचं ऐक.

त्यांचं पान पहिलं राहू दे. बरोबर राहू दे.

जळबामामा


पुणे
१७ जानेवारी २०२५

ती. मामा,

पत्र मिळालं त्याच दिवशी दुरुस्त केलं. काहिलीचा पाऊण तास, वाफेची पंधरा मिनिटं, दोन्ही वेगळं लिहिलं. आणि खाली एक ओळ घातली : "ही माहिती आखाडा बाळापूरचे जळबामामा यांच्याकडून." त्या ओळीवर दाबलं की तुमचं पान उघडतं. बाजारात बोट दाखवण्याबद्दल मी लिहिलं होतं ना, तेच.

ती ओळ सात दिवस राहिली. मग साहेबांच्या लक्षात आली. ते काम माझ्याकडून काढून घेतलं, ओळही पुसली. नोकरी आहे, पण आता मला दुसऱ्या टोकाला बसवलं आहे. वेळ मात्र त्यांनी तशीच ठेवली. कंपनीच्या माणसाने कुकर लावून बघितला म्हणे, पंधरा मिनिटंच बरोबर निघाली.

संक्रांत होऊन गेली. सरिताशी फोनवर बोललो, तीनच झाले म्हणाली. ती बॅग भरते आहे असं मामी म्हणाल्या. मामा, मला माफ करा. एवढं सोपं वाक्य लिहायला मला तीन महिने लागले.

जानेवारीची यादी जोडतो. तुम्हाला वाचायला आवडते म्हणून. शेवटचा प्रश्न बघा. ती ओळ टाकल्यापासून एकतीस जणांनी विचारला आहे, थोड्याफार फरकाने तोच.

प्रमोद


आखाडा बाळापूर
२५ जानेवारी २०२५

चि. प्रमोद,

यादी मिळाली तेव्हा पुनमचंद शेड मोजायला टेप घेऊन आला होता. त्याला बसवलं, चहा दिला आणि यादी वाचायला घेतली. शेवटच्या ओळीपर्यंत आलो : "आखाडा बाळापूरच्या जळबाचा कुकर अजून मिळतो का".

आतापर्यंत लोक हळद विचारत होते, पाणी विचारत होते. एकतीस जणांनी मला विचारलं. कधीचा मी कुठंच नव्हतो. कागद सरिताच्या हातात दिला आणि पुन्हा मागून घेतला, नीट दिसत नव्हता.

मी चार कुकरचा शब्द दिला होता आणि तीनच आले. माझा शब्द मी फिरवत नाही, हे तुला लिहिलं होतं. पण त्याआधीपासून माझा दुसरा एक रिवाज आहे, दुकानात आलेल्याला उत्तर दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही. दोन्ही एकदम पाळता येईनात. पुनमचंदला म्हटलं, "टेप गुंडाळ." तो बराच वेळ काहीतरी बोलला. सरिताने ते पाटीवर लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, थोडा राहिला आहे. शिजवणीला ये, भिकाबाईचा कुकर पहिल्यांदा लागेल तेव्हा काडी तू लाव. उरलेला तेव्हा जाईल.

बाकी यादीची उत्तरं सावकाश लिहीन. शेवटच्याचं आत्ताच पाठवतो, उशीर करू नकोस, माणसं थांबली आहेत :

"मिळतो. जागा तीच, रस्त्याला लागून. सरिताला विचारा, दुकान तिचं आहे."

जळबामामा